बिळाचा पत्ता

शनिवार-रविवार गाठून जैसलमेरच्या वाळवंटात साप-सरडे शोधायला जाणाऱ्या मंडळींविषयी आम्हांला आस्था आहे. फुरशाच्या घासल्या जाणाऱ्या खवल्यांची खरखर ऐकून भयाचे कुतूहल होते, हे या भटकंतीचे श्रेय. प्रश्न आहे तो सांड्याचा. काटेरी शेपटीचा, मुख्यतः वनस्पतींवर जगणारा हा सरडा बिळाचे तोंड मातीने बुजवून आत निजतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच असूनही, सांधेदुखी आणि पौरुष यांविषयीच्या भाबड्या समजुतींपायी, चरबीच्या तेलासाठी त्याची शिकार होते. अशा वेळी छायाचित्रासोबत नेमके ठिकाण जाहीर करणे म्हणजे शिकाऱ्याला वाट दाखवणेच होय. पाहिले ते सारे सांगितलेच पाहिजे असे नाही. बिळाच्या पत्त्याविषयी मौन पाळणे हाही निसर्गाभ्यासाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.