चार नावं तोंडपाठ

परवा भाचा घरी आला होता. खुन्यांवरची पुस्तकं वाचायचं वेड लागलंय हल्ली त्याला. बोलता बोलता विषय पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर आला. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शहा... चारही नावं धडाधड म्हणून दाखवली पठ्ठ्याने. मी म्हटलं, आणि अभ्यंकर कोण रे? "कोणीतरी म्हातारे होते."

कोणीतरी! अहो, काशिनाथशास्त्री अभ्यंकर म्हणजे संस्कृत व्याकरणातला मोठा माणूस. १९६१ साली बडोद्याहून निघालेला त्यांचा व्याकरणकोश अभ्यासक अजून उघडतात. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री ते, त्यांची पत्नी, दोन नातवंडं आणि घरी काम करणाऱ्या सखुबाई वाघ, सगळे संपले. सखुबाईंचं नाव मलाही शोधावंच लागलं म्हणा. भाच्याला कुठल्या तोंडाने बोलू?

मुनव्वर शहाने तुरुंगात आत्मकथन लिहिलं. १९८३ साली चौघे येरवड्यात फासावर गेले, १९८६ साली 'माफीचा साक्षीदार' आला. म्हणजे मारणाऱ्यांना पुस्तक, सिनेमा, सगळं मिळालं. मेलेल्यांच्या वाट्याला नुसता आकडा: दहा.

"अशा पुस्तकांनी माणूस सावध होतो," हे ठरलेलं उत्तर. होय का? मग त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, म्हणजे अभ्यंकरांकडे जायच्या नऊच दिवस आधी, हीच टोळी शंकरशेठ रस्त्यावरच्या एका बंगल्यात शिरली होती. घरातली बाई आणि दोन नोकर असे काही झुंजले की ह्यांना पळ काढावा लागला. सावधच व्हायचं तर हे वाचायला नको? पण ते दोन ओळींत उरकतात आणि दोर कसा आवळला त्यावर पानंच्या पानं. (बाईंचं नाव मुद्दाम देत नाही. वाचलेल्या माणसाला पुन्हा कशाला त्यात ओढायचं?)

असली पुस्तकं वाचूच नका, असं मी म्हणत नाही. मीही रात्र रात्र जागून वाचलीत. पण लिहायची दुसरी रीत आहे. हॅली रुबेनहोल्डचं 'द फाइव्ह' (२०१९) बघा. १८८८ साली लंडनमध्ये जॅक द रिपरने मारलेल्या पाच बायकांची ती चरित्रं आहेत. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दारूने गिळलं, कुणाला रात्रीच्या निवाऱ्यापुरतेही पैसे जुळेनात. खून कसे झाले त्याची वर्णनं बाईने वगळलीच आहेत. तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

भाच्याला दिलंय. मामी, तुझा नंबर त्याच्यानंतर.