मानेवरचे जू

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब होतो. जकातीचे आठ हक्कदार सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. त्यांत गरीब आहेत, तसे गुलाम आणि कर्जात बुडालेलेही आहेत. गुलामांसाठी तिथे शब्द आहे ‘रिकाब’, म्हणजे माना. मानेवरचे जू उतरवणे हा श्रीमंताच्या पैशाचा एक ठरलेला खर्च आहे.

हुकूम असूनही बाजार शतकानुशतके चालूच राहिला. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर मोखाच्या बाजारात वीस डुकाटांना विकला गेला, अशी नोंद डच व्यापारी पीटर वान डेन ब्रुकने केली आहे. पुढे निजामशाहीचा कारभार सांभाळून त्याने खडकी शहर वसवले. पण त्याला विकत घेणारे कलमा पढणारेच होते, हे आपण मान्य केले पाहिजे.

१८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. दूरच्या गुलामांची सुटका पाहून त्यांनी आपल्या गावातील शूद्रातिशूद्रांकडे बोट दाखवले.

आपणही धारूरकडे पाहू. दसरा-दिवाळीनंतर तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. हंगामात फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच फड. प्रत्येक ऊसतोड मजूर गुलाम नाही, आणि उचल बुडाल्याने अडचणीत आलेले मुकादमही आहेत. पण उचलीपायी दुसरीकडे कामाला जाण्याची मोकळीकच काढून घेतली, तर १९७६च्या कायद्याने ती वेठबिगारी ठरते. असे कर्ज फेडण्याचे बंधन कायदाच रद्द करतो.

म्हणून या रमजानमध्ये दोन कामे करता येतील. जिथे वेठबिगारी आहे, तिथे मजुरासोबत जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन अर्ज द्यावा. जिथे साधे देणे उरले आहे, तिथे चार घरांनी मिळून ते फेडावे आणि फिटल्याची पावती लिहून घ्यावी. जकातीचे नियम उलेमांना विचारावेत. सदका मात्र कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. आणि या कामात हात लावायला रोजेदारच असावे लागते असेही नाही.

माणसाची किंमत कागदावर लिहिली गेली होती. त्याची सुटकाही कागदावर आली पाहिजे.