काका, कमी करा ना. चाचा, कम कर ना

गेल्या जूनमध्ये एक पालक भेटायला आले. नगरच्या एमआयडीसीत काम मिळालं म्हणून उत्तर प्रदेशातून आलेलं कुटुंब, मुलगा माझ्या वर्गात नवीन. माणूस अदबीनं बोलणारा, पण तक्रार घेऊन आलेला. "मॅडम, बच्चे आपको 'बाई' बुलाते हैं. इसमें रिस्पेक्ट नहीं है. इन्हें 'मॅम' बोलना सिखाइए."

मला हसू आलं. मग वाटलं, त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या मुलखात बाई म्हणजे धुणीभांडी करणारी, नाही तर कोठ्यावरची. आपल्याकडे 'बाई आल्या' म्हटलं की अख्खा वर्ग गप्प. जिजाबाई, सावित्रीबाई, सगळ्यांच्या नावातच आदर जोडलेला. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण आमच्या नगरातच, सिंथिया फरार यांच्या शाळेत घेतलं, हे मी त्या पालकांना सांगितलंही. ते मान डोलावून ऐकत होते. पटलं नसावं.

पण खरं सांगायचं तर 'बाई'ची उतरण आपणही सुरू केली आहे. "आज आमची बाई आली नाही" याचा अर्थ आता शिक्षिका रजेवर आहेत असा कुणी घेत नाही. १७२५ साली आमच्याच जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई सरकारी कागदावर आणि फलकावर आता अहिल्यादेवी असतात. २०२४ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव बदललं, त्यावर भरपूर बोलून झालंय, मला त्यात पडायचं नाही. एवढंच वाटतं की ज्या बाईनं एवढा कारभार केला, तिला 'बाई' म्हणण्यात काय कमी होतं? बीबीचंही तेच झालं. १५९५ साली मुघल फौज नगरच्या किल्ल्याला भिडली तेव्हा पाय रोवून उभी राहिली ती चाँदबीबी. तिच्या नावातली बीबी म्हणजे खानदानी, मानाची स्त्री. आज हिंदी सिनेमात बीवी म्हणजे नुसती बायको. माझ्या दादीच्या पिढीत खातूनबी, हुसेनबी अशी नावं होती. माझ्या वर्गात आता एकही 'बी' नाही.

या सगळ्या जागा एका शब्दानं भरून काढल्यात, रिस्पेक्ट. मुलं भांडण घेऊन येतात, "टीचर, तो मला रिस्पेक्ट देत नाही." सातवीतल्या पोराला कसला रिस्पेक्ट हवा म्हणून खोदून विचारलं, तर कळलं, दुसऱ्यानं आपल्याला घाबरावं एवढीच अपेक्षा. त्याला मराठीत दरारा म्हणतात, असं सांगितलं. कुणी उंचावरून उडी मारली, कुणी परीक्षेत पहिलं आलं, की खाली एकच शब्द, रिस्पेक्ट. निवडणुकीतही हाच आणि लग्नाच्या बोलणीतही हाच.

आता कुणी म्हणेल, उर्दूची टीचर आहे, इंग्रजीवर राग असणारच. राग नाही. शिवाय मराठीतले इज्जत, अब्रू, कदर हे शब्द कुठून आले ते बघायचं असेल तर माधव जूलियनांनी १९२५ साली केलेला फारशी-मराठी कोश उघडावा. उसनवारी आपल्याला नवीन नाही. गंमत म्हणजे घेतलेले शब्द आपण वापरता वापरता झिजवले. मराठीत इज्जत बहुतेक वेळा जातेच, "चार लोकांत इज्जत काढली" असं. ती दिल्याचं क्वचित ऐकू येतं. उर्दूत आम्ही इज्जत देतो, करतो, बख्शतो. मराठीत अब्रू उरली ती घराण्याची, बायकांची आणि कोर्टातल्या अब्रूनुकसानीची. आदर चांगला शब्द आहे, पण तो खालून वर जातो, धाकट्याकडून थोरल्याकडे.

म्हणून दहावीतली एक मुलगी जेव्हा मला म्हणाली, "टीचर, अब्बूंनी माझ्या निर्णयाचा रिस्पेक्ट करायला हवा," तेव्हा मी तिचा शब्द बदलायला गेले आणि अडले. बापानं मुलीच्या निर्णयाचा आदर करावा, हे वाक्य मराठीत चालतं, पण तिच्या अब्बूंना ते उलटं वाटलं असतं. इंग्रजी शब्दाला लहानमोठं नसतं, तो तिच्या कामाचा होता. मी तो तसाच राहू दिला.

हा शब्द लॅटिनमधून आला, मूळ अर्थ वळून पाहणं. आमच्या अरबीतला लिहाजही पाहण्यावरूनच आलाय. त्याच मुळाचा मुलाहिजा मराठीतही आहे. "मी कुणाचा मुलाहिजा ठेवणार नाही" असं पुढारी ओरडतात तोच. मुशायऱ्यात शायर "मुलाहिजा फर्माइए" म्हणतो, म्हणजे जरा बघा, लक्ष द्या. समोरच्याकडे नीट पाहणं, एवढीच मूळची मागणी.

माझ्या अब्बूंची केळ्यांची हातगाडी माळीवाडा बसस्थानकाजवळ असायची. शेजारची गाडी पेरूवाल्या काकांची. दोघं एकाच वयाचे, उधारीही एकमेकांत चालायची. सुट्टीत मी अब्बूंना डबा घेऊन जायचे आणि तिथेच बसायचे. गिऱ्हाईक पेरूच्या गाडीवर यायचं, "काका, कमी करा ना." तेच गिऱ्हाईक दोन पावलं पुढे येऊन अब्बूंची दाढी-टोपी बघायचं आणि म्हणायचं, "चाचा, कम कर ना." करा चं कर व्हायचं. अब्बू त्याला मराठीत उत्तर द्यायचे, अस्सल नगरी मराठीत, "घ्या ओ, डझनामागं दोन रुपये कमी द्या." तरी पुढचा प्रश्न हिंदीतच.

मी बरीच वर्षं याला हेटाळणी समजत होते. आता तसं सरसकट म्हणवत नाही. आपल्या माणसाची हिंदी सिनेमातून आणि बाजारातून आलेली, तिच्यात 'आप' मुळातच पातळ. आमची दखनी तरी कुठे मोठी तहजीबवाली आहे! पाहुणे आले की घरात 'आप' निघतं, ते गेले की पुन्हा 'तू'. त्या गिऱ्हाइकाच्या मनात वाईट काही नसेलही. पण ज्याच्या सात पिढ्या नगरात गेल्या, त्याच्याशी त्याच्या भाषेत न बोलता परकी भाषा काढायची आणि तिच्यात 'अहो' हरवून टाकायचा, हे अब्बूंच्या वाट्याला रोज यायचं. चाचा हा शब्द प्रेमाचाच आहे. त्याच्या पुढचं क्रियापद बोचतं.

त्यामुळे "आम्ही तुमच्या धर्माचा रिस्पेक्ट करतो, पण..." असं कुणी सुरू केलं की मी 'पण'च्या पुढचं ऐकतेच, आणि तो माणूस मला 'तुम्ही' म्हणतोय का, तेही ऐकते. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिरावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. धाकटे शरीफजी १६२४ साली इथेच, भातोडीच्या लढाईत पडले. मालोजींनी पिराविषयी काय भाषण केलं होतं, ते कुणाच्या लक्षात नाही. पोरांना हाक मारताना ते नाव त्यांच्या तोंडी रोज येत असणार.

हे सगळं मी लिहीत होते त्या आठवड्यात मुलीला घेऊन पाणीपुरी खायला गेले. "भैया, पानी और डाल," मी म्हणाले. मुलगी माझ्या कानाशी आली. "अम्मी, ते तुझ्याएवढे तरी असतील." मी चपापले. पुढची पुरी घेताना म्हणाले, "भैया, थोडा मीठा भी डालिए."

त्यांचा हात थांबला. वर बघून म्हणाले, "क्यों मॅडम, कुछ गलती हो गई क्या?"