पानावर सही कुणाची?

कुंडीतल्या लिंबाच्या कोवळ्या पानावर एके दिवशी चंदेरी नागमोडी रेघ उमटते. गुलाबाच्या पानाची कड कातरीने कापावी तशी अर्धगोल नाहीशी होते. जास्वंदीच्या फांदीला कापूस चिकटल्यासारखा दिसतो. हे करणारा मात्र कुठे नजरेस पडत नाही. मग कुणी म्हणते, झाडाला दृष्ट लागली. कुणी थेट दुकान गाठून औषध आणते आणि सपासप फवारते. त्याआधी खूण नीट वाचली, तर निम्मी चिंता तिथेच मिटते.

लिंबावरची रेघ म्हणजे नागअळीचे भुयार. पंख पसरूनही जेमतेम अर्धा सेंटिमीटर भरणाऱ्या एका पतंगाची ही अळी. पानाच्या पापुद्र्याखाली राहून ती आतला रस खात पुढे सरकते. अळी वाढते तसे भुयारही रुंद होते. रेघेच्या मधोमध दिसणारी बारीक काळी ओळ ही तिची विष्ठा. शेवटी पानाची कड दुमडून ती तिथे कोष करते. वरून मारलेले औषध पापुद्र्याखाली सहसा पोचतच नाही. कुंडीतले झाड असेल, तर ती दुमडलेली कड चिमटीत दाबली तरी काम भागते. मोठ्या झाडाला अशा चार-दोन पानांचे काही वाटत नाही.

गुलाबाचे पान कापणारी तर चक्क एक मधमाशी असते. ती पान खात नाही. भिंतीच्या भोकात किंवा पोकळ काडीत ती पिल्लांसाठी खोल्या करते आणि त्यांना पानाच्या तुकड्यांचे अस्तर लावते. ही माशी फुलांचे परागीभवन करते, म्हणून तिला मारणे म्हणजे आपलेच नुकसान.

कढीपत्त्याच्या पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखी दिसली, तर जरा थांबून पाहा. ती हलली, तर ती लिंबू फुलपाखराची लहान अळी! शत्रूला फसवण्यासाठी तिने घेतलेले हे सोंग. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते. पानाच्या मागे केसासारख्या दांड्यांवर एकेक पांढुरके अंडे उभे दिसले, तर ते मुळीच पुसू नका. ती जाळीदार पंखांच्या हिरव्या क्रायसोपाची अंडी. त्यांतून निघणाऱ्या अळ्या मावा फस्त करतात.

काही खुणा मात्र धोक्याच्या असतात. खोडावरून मुंग्यांची रांग लागली, पाने चिकट झाली, त्यांवर काजळी धरली, की वरच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधावा. हे किडे रस शोषतात आणि गोड चिकटा टाकतात. मुंग्या त्या गोडीसाठी त्यांची राखण करतात आणि चिकट्यावर काळी बुरशी वाढते. मुंग्या हे कारण नव्हे, ती चाहूल आहे.

नेमकी ओळख पटली की काय साधते, याचा दाखला पपईने दिला. २००८ साली तामिळनाडूत कोइमतूरकडे पपईवर पिठ्या ढेकूण पडला आणि पुढे तुती, टॅपिओका अशा पिकांवर पसरला. अंगावरच्या मेणचट पुडामुळे तो औषधांना दाद देईना. शास्त्रज्ञांनी ओळखले, की हा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा पाहुणा आहे. इथे त्याचा मूळचा शत्रू नसल्यामुळेच तो माजला होता. मग २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या चिमुकल्या परजीवी माश्या आणल्या गेल्या. बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने त्या वाढवल्या. त्यांतल्या 'अ‍ॅसेरोफॅगस पपाये' या माशीने काही महिन्यांतच किडीला आवर घातला. नाव कळले म्हणून शत्रूचा शत्रू सापडला.

घरच्या बागेसाठी एवढी मोठी तयारी नको. एक साधे भिंग पुरे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो मोठा करून पाहिला तरी चालते. पानाची मागची बाजू आधी बघावी, कारण बहुतेक मंडळी तिथेच दडतात. पांढरा कागद खाली धरून फांदीला टिचकी मारावी. कागदावर धुळीएवढे ठिपके चालू लागले, तर ते कोळी किंवा फुलकिडे असू शकतात. मावा, पिठ्या थोडा असेल, तर पाण्याचा जोरदार फवारा किंवा ओला बोळा पुरतो. फुगीर, तपकिरी आणि निश्चल मावा दिसला, तर त्याच्या पोटात परजीवी माशी वाढते आहे असे समजावे. ती पाने तशीच ठेवावीत. काहीच उमगले नाही, तर खूण असलेले पान पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे.

औषधाची बाटली शेवटी आहेच. पण ती चोर आणि राखणदार यांच्यात फरक करत नाही. तो फरक पान पाहणाऱ्याने करायचा असतो.