दिसणे आणि असणे : मराठी संहितेच्या अर्थचिन्हांकनाचा प्रश्न

आष्टी या नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यात एक आष्टी आहे. बीड जिल्ह्यात त्याच नावाचे तालुक्याचे गाव आहे. सोलापूर जिल्ह्यातील आष्टीच्या लढाईत फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले पडले. आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी १९४२ च्या आंदोलनामुळे इतिहासात नोंदली गेली. छापील पानावर ही चारही नावे सारखीच दिसतात. जाणता वाचक संदर्भावरून भेद ओळखतो. संगणकाला मात्र तो खूण करून सांगावा लागतो. मजकूर कसा दिसावा हे न सांगता तो काय आहे हे सांगणारी ही खूण म्हणजेच अर्थचिन्हांकन होय.

एचटीएमएल या खुणांच्या भाषेत शीर्षक, परिच्छेद, अवतरण, भर दिलेला शब्द यांसाठी स्वतंत्र टॅग आहेत. ब्राउझर ते वाचतो आणि प्रत्येकास रूप देतो. शीर्षकाला केवळ मोठा, ठळक ठसा दिला तर ते डोळ्यांना शीर्षक वाटते. परंतु अंध वाचकाला पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या लेखी ते एक साधे वाक्यच राहते.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न थेट वर्णांपर्यंत पोहोचतो. देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल ही मराठीची रूपे शासनाने २००९ च्या व पुन्हा २०२२ च्या निर्णयात अधोरेखित केली. युनिकोडमध्ये मात्र श आणि ल यांना प्रत्येकी एकच संकेतांक आहे. मराठी वळण व हिंदी वळण असा भेद तेथे नाही. पानाची भाषा मराठी असल्याची खूण केलेली असेल आणि फॉन्टमध्ये मराठी रूपांची सोय असेल, तर ब्राउझर ती रूपे निवडतो. खूण नसेल तर तो फॉन्टचे मूळ रूप दाखवतो, आणि ते पुष्कळदा हिंदी वळणाचे असते. म्हणजे येथे लिपीचा आग्रह धरणाऱ्यांनी भाषेची खूण करण्याचाही आग्रह धरणे अगत्याचे आहे.

ब्राउझरच्या सवयी रोमन मुद्रणातून आल्या आहेत, हेही विसरता येत नाही. भर दिलेला शब्द तो तिरका करतो. देवनागरी मुद्रणात तिरक्या ठशाची तशी जुनी परंपरा नाही. फॉन्टमध्ये तसा ठसा नसला की ब्राउझर सरळ अक्षरच कृत्रिमपणे कलवतो. यावर उपाय खूण पुसणे हा नव्हे. खूण तशीच ठेवून मराठीसाठी ठळक ठसा नेमणे हा आहे. रूप आणि अर्थ वेगळे ठेवण्याचा लाभ तो हाच.

ओवीची अडचण याहून मोठी आहे. एचटीएमएलमध्ये चरणासाठी टॅगच नाही. ओळ तोडून वेळ मारून न्यावी लागते, आणि मग चरणाचा शेवट व कागदाचा काठ यांत फरक उरत नाही. १९८७ मध्ये सुरू झालेल्या टीईआय या उपक्रमाने चरण, कडवे, स्थलनाम व पाठभेद यांसाठी खुणा सिद्ध केल्या आहेत. ब्राउझरला त्या थेट उमगत नाहीत. रूपांतर करावे लागते. परंतु जतन करावयाची ती खुणांची मूळ संहिता, तिचे दृश्य रूप नव्हे.

वाचकाला अखेर पानच दिसते, मग हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले प्रबंध हे त्याचे उत्तर आहे. तेथे मराठी केवळ दिसण्यात होती. मागे रोमन संकेतांक होते. फॉन्ट गेला आणि मजकूर दुर्बोध झाला. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या मराठी विभागांनी संहितेतील ओवी, पाठभेद आणि स्थलनामे यांवर खुणा करण्याचे काम तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होणे योग्य नव्हे. कोणती आष्टी कोणती, हे ठरवणे अभ्यासकाचेच काम आहे.