वास झाकू नये, ओळखावा

एखाद्याच्या तोंडाला वास येतो, हे बहुधा त्याच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक असते. कार्यालयात त्याच्याशी बोलताना माणसे अर्धे पाऊल मागे सरकतात, लोकलमध्ये शेजारचा तोंड फिरवतो, वर्गात मुले बाक बदलून घेतात; पण सांगत कोणीच नाही. ज्याला स्वतःलाच शंका येते, तो खिशात लवंग-बडीशेप ठेवतो, अत्तर फवारतो, दिवसातून दोनदा अंघोळ करतो. दुर्गंधी म्हणजे अस्वच्छता, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के आहे की तिच्याविषयी डॉक्टरांशी बोलायचीही लाज वाटते. त्यातून दुहेरी नुकसान होते. साध्या उपायाने जाणारा त्रास वर्षानुवर्षे राहतो आणि क्वचित गंभीर आजाराची पहिली सूचना अत्तराखाली दडपली जाते.

मुखदुर्गंधीचे खापर आपण सहसा पोटावर फोडतो आणि रेचके, चूर्णे सुरू करतो. प्रत्यक्षात दहापैकी आठ-नऊ वेळा कारण तोंडातच असते. जिभेच्या मागच्या भागावर साचलेला थर, सुजलेल्या हिरड्या, किडलेले दात, नीट न धुतलेली कवळी ही जिवाणूंची घरे. अन्नकण आणि मृत पेशींतील प्रथिने हे जिवाणू मोडतात, तेव्हा हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू तयार होतात. सडलेल्या अंड्याचा वास तो हाच. लाळ हे सारे धुऊन नेते. पण झोपेत ती कमी होते, म्हणून सकाळी तोंडाला वास येतो. उपवास, कमी पाणी, तोंडाने श्वास घेण्याची सवय आणि ॲलर्जी किंवा नैराश्यावरच्या काही औषधांनीही तोंड कोरडे पडते. ‘दात स्वच्छ राहतात’ म्हणून ग्रामीण भागात आजही लावली जाणारी मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. ती हिरड्या खराब करते आणि कर्करोगाचा धोका वाढवते.

यावरचा उपाय फारसा खर्चिक नाही. दोन वेळा ब्रश, रोज हलक्या हाताने जिभेची मागपर्यंत सफाई, दातांच्या फटी साफ करणे, पुरेसे पाणी, रात्री कवळी काढून धुणे, तंबाखू बंद. एवढे करून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर आधी दंतवैद्य आणि मग नाक-कान-घशाचे डॉक्टर. टॉन्सिलमध्ये अडकलेले पांढरे खडे किंवा सायनसचा जुना संसर्ग हेही कारण असू शकते. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आत शेंगदाणा, मणी असे काही अडकले असण्याची शक्यता मोठी. घरी चिमटा न घालता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

घामाचीही अशीच बदनामी झाली आहे. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काख आणि जांघेतील विशिष्ट ग्रंथींचा स्राव त्वचेवरचे जिवाणू मोडतात, त्यातून वास निर्माण होतो. या ग्रंथी वयात येताना जाग्या होतात. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगाला अचानक वास येऊ लागला, तर तो आळशी झाला असे नव्हे. अंघोळीनंतर अंग कोरडे करणे, सुती कपडे, रोज धुतलेले मोजे, बुटांची जोडी आलटून पालटून वापरणे आणि काखेत तुरटी किंवा घाम रोखणारे मलम एवढे बहुतेकांना पुरते. स्त्रियांमध्ये योनीमार्गातून मासळीसारखा वास येणे हे बहुतेकदा जिवाणूंचे संतुलन बिघडल्याचे लक्षण असते. ते औषधाने बरे होते. सुगंधी द्रव्यांनी आतून धुण्याने मात्र बिघडते.

काही वासांच्या बाबतीत मात्र थांबून चालत नाही. श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास, सोबत खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर ती मधुमेहातील किटोॲसिडोसिसची खूण असू शकते. इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात ॲसिटोनसारखी द्रव्ये साचतात. टाइप-१ मधुमेह असलेल्या अनेक मुलांचा आजार प्रथम याच अवस्थेत लक्षात येतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत घोटाळा आणखी घातक: बोलणे अडखळते, तोल जातो, तोंडाला वास येतो आणि बघणारे ‘प्यायलाय’ म्हणून पुढे निघून जातात. अशा वेळी साखर तपासणे आणि तातडीने रुग्णालय गाठणे यावर जीव अवलंबून असतो. श्वासाला अमोनियासारखा वास मूत्रपिंडाच्या, तर गोडसर-कुबट वास यकृताच्या बळावलेल्या आजारात येतो.

नवजात बाळाच्या लघवीला जळक्या साखरेसारखा गोड वास येणे हे ‘मेपल सिरप युरिन’ या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचे लक्षण आहे. बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, तर एक दिवसही दवडू नये. गंमत अशी, की या वासाला कारणीभूत असलेले सोटोलोन हे द्रव्य मेथीतही असते. प्रसूतीच्या सुमारास आईने मेथी घेतल्याने निरोगी बाळाला असाच वास आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. तेव्हा बाळंतिणीने मेथीचे लाडू खाल्ले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो ट्रायमिथाइलअमिनुरिया असलेल्यांवर. बहुधा एका जनुकातील दोषामुळे त्यांच्या यकृताला मासळीच्या वासाचे एक द्रव्य नष्ट करता येत नाही. ते घामातून, श्वासातून, लघवीतून बाहेर पडते. कितीही अंघोळ केली तरी वास जात नाही आणि ‘स्वच्छ राहत नाही’ हा शिक्का मात्र बसतो. लघवीच्या तपासणीने निदान होते. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने अंडी, समुद्री मासे, काही कडधान्ये बेताने खाणे आणि सौम्य आम्लधर्मी साबण वापरणे याने त्रास बराच आटोक्यात येतो. उलट, काहींना वास नसतानाही तो असल्याची खात्री वाटते आणि ते माणसांत जाणे सोडतात. त्यांची चेष्टा करण्याऐवजी त्यांना मानसोपचाराची वाट दाखवायला हवी.

म्हणूनच मौन आणि चेष्टा हे दोन्ही थांबले पाहिजे. जवळच्या माणसाने बाजूला घेऊन, एका वाक्यात, ‘हल्ली वास जाणवतो, एकदा दाखवून घे’ असे सांगणे हा अपमान नव्हे. शिक्षकांनी मुलाला वर्गासमोर न बोलता पालकांना कळवावे. रुग्ण लाजून गप्प बसतो हे ओळखून डॉक्टरांनी स्वतःहून विचारावे. आणि वास नवा असेल, अचानक आला असेल किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे असे काही असेल, तर अत्तराची बाटली बाजूला ठेवून त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.