खोत गेला, पॅकेज आलं

‘शिका’ हा बाबासाहेबांचा शब्द आता बाजारात विकायला निघाला आहे. निकाल लागले की रत्नागिरीत मारुती मंदिरापासून एस. टी. स्टँडपर्यंत बोर्ड लागतात. टाय बांधलेली पोरं, खाली आकडा. एम.बी.ए. करा, इतक्या लाखांचं पॅकेज घ्या. च्यायला, आता तळ्याचं पाणी बाटलीत भरून विकायचं तेवढं राहिलंय.

मी पदवीच्या विरोधात नाही. ते काम करणारे दुसरे आहेत. आपल्या पोरीने मॅनेजमेंटचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘तुम्हाला कशाला हे? काहीतरी झेपेल असं करा.’ असल्या सल्ल्याला मी जोडा दाखवतो. मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात 1918 साली अर्थशास्त्र कोण शिकवायला लागलं? मूळ गाव ज्याचं मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, तो माणूस. हिशेब ही कुणाच्या बापाची वतनदारी नाही.

त्याच माणसाने शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदाही काढून पाहिला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईकं फिरकेनाशी झाली. पदवी काय कमी होती? कोलंबियाची होती. जात आडवी आली.

ही जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर 2007 सालचं ऐका. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज धाडले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, आडनावं तेवढी वेगळी. दलित आडनावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. बोर्डावरच्या आकड्यात ही वजाबाकी कुठे आहे?

आता तो आकडाच फोडून बघू. समजा दहा पोरं. एकाला वीस लाख मिळाले, बापाची ओळख होती. नऊ जणांना तीन-तीन लाख. बेरीज सत्तेचाळीस, सरासरी चार लाख सत्तर हजार. बोर्डावर हीच सरासरी लागते. दहातले नऊ तिच्या खाली आहेत आणि बोर्ड खोटा नाही! ज्यांना नोकरीच लागली नाही ती पोरं तर या दहांत धरलेलीच नसतात. म्हणून सरासरी विचारू नका, मधला पगार विचारा. पगार चढत्या क्रमाने लावले की अगदी मध्ये येतो तो. सरकारच्या एन.आय.आर.एफ. क्रमवारीत उतरणाऱ्या संस्थांना तो द्यावा लागतो, किती पास झाले आणि किती लागले तेही द्यावं लागतं. हे आकडे दाखवायला जी संस्था टाळाटाळ करते तिच्या पायऱ्या चढू नका.

कर्जाचंही असंच. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे एजंट मोठ्याने सांगतो. कर्जावर आईबापाची सही लागते, हे हळू आवाजात. समजा दोन वर्षांसाठी तीन-तीन लाख काढले, व्याज दहा टक्के. शिकताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. हप्ता सुरू होतो त्या दिवशी सहाचे साडेसात लाख झालेले असतात. पुढे सात वर्षं महिना सुमारे साडेबारा हजार. एकूण भरणा साडेदहा लाखांच्या घरात. आता तीन लाखांच्या पॅकेजवाल्याचा विचार करा. महिना पंचवीस हजार, कापाकापी होऊन हातात त्याहून कमी. अर्धा पगार बँकेचा. उरलेल्यात पुण्याची खोली, खानावळ, आणि घराकडे काय धाडणार? कपाळ?

तिकडच्या पोराचा हप्ता थकला तर मामाचं दुकान आहे, काकाची एजन्सी आहे. आपला मामा चाकरमानी, आणि तोही कंत्राटी. कर्ज कागदावर सारखं, पाठीवर सारखं नाही.

आमच्या आजोबा-पणजोबांना हा हिशेब ठाऊक होता. पीक उभं असतानाच खोत त्याचा अंदाज बांधायचा, आणि त्या अंदाजावर आपला वाटा ठरवायचा. शेतात पिकलं किती हे कुळाने मागाहून बघायचं. बाबासाहेबांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. खोती संपवायचा कायदा 1949 ला आला. आणि आज आपण पोरांच्या उभ्या पिकाचा अंदाज परत दुसऱ्यालाच बांधू देतो! पॅकेज म्हणजे दुसरं काय?

मग करायचं काय? पहिलं, सी.ई.टी. द्या आणि कॅप फेरीतूनच प्रवेश घ्या. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. त्याच्या वर असेल तर फ्रीशिप. ही कुणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे. मॅनेजमेंट कोट्यातून शिरलात की दोन्ही दारं बंद. एजंट तिथेच ढकलतो, कारण त्याचं कमिशन तिथे आहे. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला बारावीतच काढून ठेवा. शिष्यवृत्ती उशिरा येते म्हणून कॉलेज अडवत असेल तर एकट्याने गयावया करू नका, दहा जण मिळून समाजकल्याणच्या कचेरीत जा.

दुसरं, घरी राहून गोगटे-जोगळेकरला बी.कॉम. करणं यात कमीपणा नाही. आधी कमी पैशात पदवी, मग सी.ई.टी., मग बड्या संस्थेची राखीव जागा. बड्या संस्थेतही मधला पगार आणि हप्ता समोरासमोर ठेवायचे. हप्ता पगाराच्या पाव हिश्शाच्या वर जात असेल तर सही करू नका.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक बौद्धवाडीने एक वही घालावी. वाडीतलं कोण काय शिकलं, किती कर्ज काढलं, पहिला पगार किती, किती महिने घरी बसला, सगळं लिहावं. नावं नको, आकडे लिहा. सरपंचाच्या पोराचे नको, आपले लिहा. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो, मग पोरांच्या आयुष्याचा का नाही? मुंबई मंडळाने अशा दहा वाड्यांच्या वह्या एकत्र केल्या की पुढच्या बोर्डाखाली उभं राहून आपली पोरगी विचारील, ‘साहेब, आमच्यातल्या किती जणांना हे पॅकेज मिळालं?’

साहेबाला उत्तर येणार नाही. तिच्या वहीत असेल.